षष्ठीच्या चंद्रावरचा ठिपका

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध उकळायच्या आत मोबाइल वर जातात. चाळीस-पन्नास हात एकाच दिशेला, आणि प्रत्येक पडद्यावर एक पांढरा गोळा. मग कुणाला तरी आठवतं की तळमजल्यावरच्या काकांकडे मोठा कॅमेरा आहे. "काका, चंद्र काढा की!" काका म्हणजे मी. गेली तीनचार वर्षं मी एकच उत्तर देतो : आज नको, आज चंद्र चांगला नाही. यावर मसाला दुधाचे पेले हातात घेतलेली माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतात, ती नजर मला पाठ झाली आहे.

पण खरंच सांगतो, चंद्र काढायला पौर्णिमेइतकी वाईट रात्र नाही. सूर्य आपल्या बरोबर पाठीमागे असतो, ऊन चंद्रावर समोरून पडतं, कशाचीच सावली पडत नाही. लग्नात हौशी फोटोग्राफर नवरीच्या तोंडावर थेट फ्लॅश मारतो आणि नाकडोळे सपाट होऊन जातात, तसं. त्या दिवशी टायको विवराचे पांढरे पट्टे उठून दिसतात, सशाचे का हरणाचे म्हणा ते डाग दिसतात, बाकी डोंगर-खड्डे सगळे चुना फासल्यासारखे. अर्ध्या चंद्रापेक्षा पूर्ण चंद्राचा उजेडही दुप्पट नव्हे, सुमारे दहापट असतो. कारण तेच. एरवी चंद्रावरच्या धुळीच्या कणाकणाची जी बारीक सावली पडून पृष्ठभाग काळवंडतो, ती पौर्णिमेला कणाच्याच मागे लपते.

चंद्र काढायचा तो अर्धा-कच्चा असताना. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्य उगवत असतो, तिथे टेकडीचीही सावली मैलोगणती लांब पडते. ही रेषा रोज साधारण बारा अंश सरकते, म्हणजे चंद्रावरची प्रत्येक जागा उत्तम दिसण्याची तिची अशी एक तिथी असते. मला ज्या जागेचा फोटो हवा होता तिची तिथी होती शुद्ध षष्ठी.

त्या जागेचं नाव साराभाई. मारे सेरेनिटाटिस नावाचं जे गोल काळसर मैदान आहे (सगळे 'प्रशांत समुद्र' म्हणतात तो शेजारचा, हा 'शांतीचा समुद्र'), त्यात बेसल नावाचं सोळा किलोमीटरचं विवर आहे. त्याच्या ईशान्येला साधारण सव्वाशे किलोमीटरवर आठ किलोमीटर व्यासाचा एक खड्डा. पूर्वी त्याला नुसतं 'बेसल ए' म्हणत. विक्रम साराभाई १९७१च्या डिसेंबरात गेले, आणि १९७३ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघानं त्या खड्ड्याला त्यांचं नाव दिलं. चंद्रावर भारतीयांची नावं आणखीही आहेत, पण भाभा पलीकडच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूला. साराभाई मात्र अंगणातून दिसण्याच्या बाजूला आहेत. २०२०च्या जुलैअखेरीस चांद्रयान-२च्या कॅमेऱ्यानं त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात या खड्ड्याचे फोटो काढले तेव्हा त्याची खोली सुमारे १.७ किलोमीटर भरली.

ते यान चंद्राभोवती फिरत होतं. आमच्याकडे होती ३०० मिलिमीटरची एक जुनी लेन्स.

'आमच्याकडे' म्हणजे माझ्या मेव्हण्याकडे. सासवडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारसं, प्री-वेडिंग, आणि तुळशीचं लग्न लागलं की मग श्वास घ्यायला फुरसत नाही इतकी माणसांची लग्नं. पक्ष्यांचे फोटो काढणारे एक गृहस्थ गुडघ्यांमुळे हा छंद सोडत होते, त्यांच्याकडून त्यानं ही ३०० एफ ४ सेकंडहँड उचलली. सोबत कंपनीचा १.४चा टेलिकन्व्हर्टर फुकट मिळाला. टेलिकन्व्हर्टरला कुणी टेलिकन्व्हर्टर म्हणत नाही, टीसी. 'वन फोर' आणि 'टू एक्स'. टू एक्स केंकोचा, तोही जुना.

थोडा हिशोब करू, कारण सगळी गंमत हिशोबात आहे. आपल्या पंचांगकर्त्यांनी अंशाचे भाग पाडून ठेवलेत : एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. आकाशातला चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे अठराशेहून थोड्या जास्त विकलांचा. हात लांब करून करंगळी धरली तर तो तिच्यामागे सहज लपतो. चंद्रावरचे एकोणीसशे मीटर म्हणजे आपल्यासाठी एक विकला. साराभाईचा आठ किलोमीटरचा खड्डा म्हणजे जेमतेम सव्वाचार विकला.

आता लेन्स. कुठल्याही लेन्सच्या फोकल लेंग्थला ११०नं भागलं की सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राच्या चित्राचा व्यास मिळतो. ३०० मिमीला २.७ मिलिमीटर : मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. त्या मोहरीवर तीन हजार चारशे चौऱ्याहत्तर किलोमीटर व्यासाचं एक अख्खं जग बसवायचं. मेव्हण्याच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतला एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा, ३०० मिमीला त्याच्या वाट्याला पावणेतीन विकला येतात. म्हणजे साराभाई दीड पिक्सेल. दीड पिक्सेलमध्ये खड्डा दिसत नाही. एक काळपट चौकोन दिसतो, आणि तो खड्डा आहे की कॅमेऱ्याचा नॉइज हे छातीवर हात ठेवून कुणीही सांगू शकत नाही. संगणकावर कितीही मोठा करा, चौकोन मोठा होतो.

म्हणून टीसी. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात लेन्स उघडून बुरशी साफ करणारे एक चाचा आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या टेबलावर कोकणापासून नाशिकपर्यंतच्या लेन्सा पोट उघडून पडलेल्या असतात. मी त्यांना विचारलं, दोन टीसी एकावर एक लावले तर? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जो आगे से आएगा, वही पीछे से निकलेगा साहब. बीच में कोई फॅक्टरी नहीं है." या विषयावर मी बरंच वाचलं, पण चाचांच्या या वाक्यापलीकडे फारसं काही हाती लागलं नाही.

टीसी लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसतो. लेन्समधून निमुळते होत येणारे किरण त्याच्या अंतर्गोल भिंगांमुळे जरा उशिरा एकत्र येतात, त्यामुळे चित्र पसरतं. कल्पना जुनी आहे. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८३०च्या दशकात दुर्बिणीसाठी अशीच भिंगाची जोडी सुचवली, आणि दुर्बिणीवाले आजही तिला बार्लो म्हणतात. टीसी हे तिचंच कॅमेऱ्यातलं भावंड. पण चित्र पसरलं की उजेडही पसरतो. १.४चा टीसी उजेड निम्मा करतो, टू एक्स पाव करतो, दोन्ही लावले की आठवा हिस्सा उरतो. ३०० एफ ४ची होते ८४० एफ ११. मोहरीचा हरभरा होतो, साडेसात मिलिमीटरचा. पिक्सेलच्या वाट्याला एक विकला येते आणि साराभाई साडेचार पिक्सेल रुंद होतो.

साडेचार पिक्सेल. एवढ्याचसाठी पुढचा सगळा उपद्व्याप.

पहिली अडचण यांत्रिक. अनेक कंपन्यांच्या टीसीचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं, ते मोठ्या लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरावं म्हणून. तसले दोन टीसी एकमेकांत बसतच नाहीत. भिंगाला भिंग टेकतं. मग काही जण मध्ये बारा मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब घालतात. मेव्हण्यानं एका मित्राचा कंपनीचा टू एक्स आणून हा प्रयोग केला. बसलं सगळं, पण फोकस अनंतापर्यंत पोचेना. शेजारच्या शेतातलं बुजगावणं झकास दिसत होतं, चंद्र काही केल्या नाही. शेवटी केंकोचा सपाट तोंडाचा टू एक्स कामाला आला : आधी लेन्स, मग कंपनीचा वन फोर, त्यामागे केंको, त्यामागे बॉडी. तीन जागी जोड असलेलं हे लांबडं प्रकरण ट्रायपॉडवर चढवलं की किंचित वाकतं, आणि बोटानं ढकललं तर कुरकुरतं.

दुसरी अडचण फोकसची. एफ ११ला ऑटोफोकस राम म्हणतो. जुन्या बॉड्या एफ ५.६च्या पुढे प्रयत्नच करत नाहीत, काही एफ ८पर्यंत तग धरतात. त्यामुळे लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, हातानं, केसागणिक रिंग फिरवत चंद्राची कड पकडायची. रिंगेला हात लागला की चित्र थरथरतं. हात काढून थांबायचं, बघायचं, पुन्हा हात लावायचा. मेव्हण्यानं रिंगेवर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि चिमट्याचं टोक करंगळीनं ढकलायला सुरुवात केली. या चिमट्याहून उपयोगी उपकरण मी त्या वर्षभरात पाहिलं नाही.

मग हव्यास. वन फोर काढून दोन टू एक्स लावले तर? १२०० मिमी, एफ १६, अकरा मिलिमीटरचा चंद्र. तेही करून पाहिलं. चंद्र मोठा आला, भारदस्त आला, आणि त्यात ८४०पेक्षा तसूभरही जास्त काही दिसेना. उलट कडेला जांभळी झालर आली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ही नुसती सूज आहे."

सूज कुठून सुरू होते याचा नियम आहे. विल्यम रटर डॉज हे इंग्लंडमधले पाद्री, लांबचं दिसायला डोळे अधू, पण दुर्बिणीमागे बसले की जुळे तारे वेगळे करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी अनुभवातून सूत्र बसवलं : दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्यानं ११६ला भागा, तेवढ्या विकलांपेक्षा बारीक तपशील ती दुर्बीण वेगळा दाखवू शकत नाही. ३०० एफ ४च्या तोंडाचा व्यास ७५ मिमी. भागाकार दीड विकला. मागे टीसी एक लावा, दोन लावा, दहा लावा, तोंड ७५चंच राहतं. प्रकाश लाटेसारखा वागतो, बिंदूची तो ठिकरी करतो. एफ ११ला ती ठिकरी जवळपास पंधरा मायक्रॉनची, म्हणजे आमच्या चार पिक्सेलएवढी, आणि एफ १६ला साडेपाच पिक्सेलएवढी. याउलट नुसत्या ३००ला लेन्स दीड विकला दाखवायला तयार असते, पण पिक्सेल पावणेतीन विकलांचा असल्यामुळे तिचं काम वाया जातं. म्हणजे टीसीला नाव ठेवणारे आणि टीसीची आरती करणारे, दोघेही अर्धे बरोबर. लेन्सनं जे गोळा केलं ते पिक्सेलच्या चाळणीतून निसटू नये इतपत पसरायचं. आमच्या जोडीत ती जागा ८४०च्या थोडी पुढे होती. त्यापलीकडे सूज.

तोंडाचा व्यास हीच खरी इस्टेट, हे पुण्याला एकेकाळी माहीत होतं. १८८८ साली कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीचं ते नाव. तिथे वीस इंची, म्हणजे सुमारे ५०८ मिमी तोंडाची ग्रबची दुर्बीण होती. डॉज यांच्या सूत्रात घातली तर पाव विकलेहून कमी. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. सीओईपीवरून जाताना मी हल्ली मनातल्या मनात ११६ भागिले ५०८ करतो आणि सिग्नल सुटल्यावर मागचा हॉर्न वाजवतो.

एक्स्पोजरचं मात्र लोक उगाच अवघड करतात. रात्र आहे म्हणून कॅमेरा घाबरतो, भरमसाट उजेड आत घेतो, आणि कोजागरीचा तो पांढरा गोळा तयार होतो. चंद्राच्या उजळ भागावर रात्र नसते. तिथे आपल्या दुपारसारखं ऊन पडलेलं असतं. जमीन मात्र काळी आहे, पडलेल्या उजेडातला जेमतेम बारा टक्के परत पाठवते, डांबरी रस्त्यासारखी. म्हणून जुना ठोकताळा असा की एफ ११ ठेवा आणि आयएसओ जितका तितक्यावा सेकंद. आयएसओ १००ला १/१००. हा पूर्ण चंद्राचा. षष्ठीला दोनेक स्टॉप जास्त द्यावे लागतात. अॅन्सेल अॅडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, तेव्हा त्यांना एक्स्पोजर मीटर सापडेना आणि खालच्या क्रूसांवरचं ऊन तर चाललं होतं. चंद्राची प्रखरता, चौरस फुटाला अडीचशे कँडल, त्यांना तोंडपाठ होती. तेवढ्यावर त्यांनी हिशोब मांडला. एकच निगेटिव्ह मिळाली, दुसरी घेईपर्यंत ऊन गेलं.

आम्हाला फ्रेमांची टंचाई नव्हती, टंचाई होती ती स्थिर हवेची. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर आम्ही ऑक्टोबरात दोन रात्री वाया घालवल्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत ऊन ओकत असतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये चंद्राची कड डोशाच्या तव्यावर पाहिल्यासारखी उकळताना दिसते. त्यात लिफ्ट. लिफ्ट सुरू झाली की ८४० मिमीवरचा चंद्र दचकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी देवदर्शनाहून परतायची वेळ आम्हाला पाठ झाली. पृथ्वीही फिरतच असते : चंद्र सेकंदाला साडेचौदा विकला सरकतो, आमच्या फ्रेममध्ये पंधरा पिक्सेल. १/१०० सेकंदात ते कळत नाही, पण १/१५ला साराभाई पुसट होतो. म्हणून स्थिर हवा, पक्का ट्रायपॉड, खाली लोंबकळणारी वाळूची पिशवी, स्टॅबिलायझेशन बंद, आरसा वर अडकवलेला, दोन सेकंदांचा टायमर. आणि उघडी जमीन.

मध्यंतरी मेव्हण्याच्या मनानं वेगळीच उचल खाल्ली होती. त्याला जेजुरीच्या दीपमाळेमागे चंद्र हवा होता, दीपमाळेएवढाच. त्याचा हिशोब त्याच ११०चा : वस्तूच्या उंचीच्या ११० पट लांब उभं राहिलं की ती वस्तू चंद्राएवढी दिसते. दहा मीटरची दीपमाळ असेल तर अकराशे मीटर. आम्ही नकाशावर रेघा मारल्या, फोनवरच्या अॅपमध्ये चंद्रोदयाची दिशा काढली, आणि त्या अकराशेव्या मीटरवर नेमका विजेचा खांब निघाला. पन्नास पावलं सरकलो तर चंद्र दीपमाळेच्या शेजारी. तो फोटो अजून व्हायचा आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण कोजागरीला कुणी ना कुणी ती काढतंच : "काका, आमच्या फोनमध्ये तर खड्डेसुद्धा दिसतात." २०२३च्या मार्चमध्ये एकानं प्रयोग केला. चंद्राचा फोटो १७० बाय १७० पिक्सेलचा करून, वर मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून एका नामांकित फोननं त्याचा फोटो काढला. फोननं खड्डे दाखवले. पडद्यावर नसलेले खड्डे. फोनला चंद्र कसा असतो ते आधीच शिकवलेलं होतं, त्यानं आठवणीतून रंगवला. चित्र वाईट नव्हतं. पण चाचांच्या भाषेत सांगायचं तर तिथे मध्ये फॅक्टरी होती.

गेल्या वर्षीची चंपाषष्ठी आम्ही सासुरवाडीला केली. खंडोबा त्यांचं कुलदैवत, मार्गशीर्षातले सहा दिवस घट, सहाव्या दिवशी तळी. आणि षष्ठी ही साराभाईचीही तिथी, हे मला पंचांग बघताना कळलं तेव्हा मी उगाच मोठ्यानं हसलो आणि बायकोनं विचारलं काय झालं. सांगितलं तर म्हणाली, "भरीत-रोडगा खायला येता का खड्डा बघायला, एकदाच काय ते ठरवा."

दोन्हीसाठी गेलो. संध्याकाळी अंगणात ट्रायपॉड लावला. नुकतंच नांगरलेलं मोकळं रान, थंडी, वारा पडलेला. दक्षिण-नैर्ऋत्येला चंद्र चांगला उंच. लाइव्ह व्ह्यूमध्ये कड उकळत नव्हती, नुसती अधूनमधून श्वास घ्यावा तशी हलत होती. असा क्षण आला की मेव्हणा म्हणायचा "आता" आणि मी रिमोट दाबायचो. ३००वर दहावीस फ्रेम घेतल्या, मग टीसी चढवायला त्यानं लेन्स काढली. बॉडीचं तोंड उघडं. नेमकी त्याच वेळी आत तळी उचलली गेली, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, आणि मेव्हण्याच्या चुलतभावानं ओसरीवरून भंडाऱ्याची मूठ अंगणाच्या दिशेनं उधळली. हळद दिव्याच्या उजेडात सोनेरी धुकं होऊन सावकाश खाली आली. आमच्यावर, ट्रायपॉडवर, आणि उघड्या बॉडीवर.

आम्ही दोघं गप्प. फुंकणीनं जमेल तेवढं उडवलं, टीसी लावले, १२० फ्रेम घेतल्या. आयएसओ ४००, १/१००. सासूबाई दोनदा दारात येऊन गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "जावईबापू, रोडगा गार झाला. चंद्र काय पळून जातोय?"

"पळतोयच आई," मी म्हणालो, "सेकंदाला पंधरा पिक्सेल."

जेवणं उरकून लॅपटॉप उघडला. बेसल लगेच सापडलं. ईशान्येला सरकलो. होता. जिथे असायला हवा होता तिथे एक काळा ठिपका, चार-पाच पिक्सेलचा. मेव्हण्यानं माझ्या पाठीत थाप मारली. मग तोच म्हणाला, "दाजी, हे बघा." त्याच शांतीच्या समुद्रात आणखी एक ठिपका होता. तसाच. आणि समुद्राबाहेर, चंद्राच्या उजळ कडेशी, आणखी दोन. त्या तीन जागी नकाशात खड्डे नव्हते.

एफचा आकडा जितका मोठा, सेन्सरवरचा कचरा तितका रेखीव दिसतो. एफ २.८ला जो कण विरून जातो तो एफ ११ला शिक्क्यासारखा उमटतो. टीसीवर टीसी चढवून आम्ही चंद्राबरोबर भंडाराही ठळक केला होता. चारातले तीन तर नक्की हळदीचे. चौथ्याला साराभाई म्हणायचं ते कशाच्या जोरावर? नकाशात तिथे खड्डा आहे म्हणून? मग फोनमध्ये आणि आमच्यात फरक काय?

उत्तर त्या १२० फ्रेममध्येच होतं. टीसी जसे एकावर एक लावतात तशा फ्रेमही लावतात. दुर्बिणीवाल्यांचं स्टॅकिंग म्हणजे हेच. ऑटोस्टॅकर्टसारखी प्रणाली शेकडो फ्रेम तपासते, हवा स्थिर असतानाच्या निवडते, त्या चंद्राच्या खुणांवर नेमक्या जुळवून एकावर एक रचते. छत्तीस फ्रेम रचल्या की नॉइज एक षष्ठांश होतो. आमच्या कामाची गोष्ट त्यातली 'चंद्राच्या खुणांवर' एवढीच. फ्रेम घेताना ट्रायपॉड स्थिर होता, चंद्र सरकत होता. कचरा सेन्सरला चिकटलेला, तो फ्रेमबरोबर राहणार. खड्डा चंद्राला चिकटलेला, तो चंद्राबरोबर जाणार. चंद्र जुळवला की कचऱ्याला जागा सोडावी लागेल.

चाळीस फ्रेम निवडल्या. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. सासूबाई सुपारी कातरत मागे उभ्या राहिल्या. चित्र आलं तेव्हा तीन ठिपक्यांच्या तीन पुसट रांगा झाल्या होत्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या, तिन्ही एकाच दिशेला. चौथा जागेवर होता आणि आधीपेक्षा काळा होता. उत्तर वर धरून पाहिलं : ऊन उजवीकडून, खड्ड्याचा उजवा काठ आतून काळा, डाव्या काठावर उजेडाची बारीक कड. उंचवटा असता तर याच्या उलट दिसलं असतं.

"हाच का तुमचा?" सासूबाईंनी विचारलं. हो म्हणालो. त्यांनी चष्मा पुढे-मागे केला. "आणि या रांगा?"

"तो भंडारा, आई."

"मग तो पुसू नका," त्या म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याला वाल्ह्याला लग्न होतं. त्याच बॉडीवर त्यानं ७०-२०० चढवली, दिवसभर एफ २.८ला काम केलं, आणि बाराशे फोटोंत हळदीचा एकही डाग दिसला नाही. सेन्सर त्यानं अजून साफ केलेला नाही.